पाटाच्या पाण्याचा कारभार : फडापासून घ्यावयाचा धडा

खानदेशांतील कोणत्याही शेतकरी मंडळाच्या बैठकींत पाण्याची गोष्ट निघाली कीं दोन तक्रारी एकमेकींत मिसळून जातात. एक, धरणांत पाणी नाहीं ही. आणि दुसरी, धरणांत पाणी असून तें आमच्या शेतापर्यंत आलें नाहीं ही. पहिल्या तक्रारीला उपाय पाऊस. धुळ्याच्या आसमंतांत वर्षाचें पर्जन्यमान सहाशें मिलिमीटरच्या आसपास आहे. तें वाढविणें कोणाच्याच हातीं नाहीं. दुसरी तक्रार मात्र माणसांच्या कारभाराविषयींची आहे, आणि म्हणूनच ती ऐकतांना आम्हांस अधिक वाईट वाटतें. चारीच्या मुखाशीं असलेला शेतकरी उसाला पाण्यामागून पाणी देत असतो, आणि त्याच चारीच्या टोंकाशीं असलेला त्याचा भाऊबंद हरभऱ्याला निदान एक पाणी मिळावें म्हणून कचेरीच्या ओट्यावर दिवस घालवितो, हें दृश्य गिरणेच्या कालव्यावर काय किंवा पांझरेच्या पाटावर काय, नवें नाहीं. ह्या लेखांत आम्ही ह्या दुसऱ्या तक्रारीचाच विचार करणार आहों.

विचाराचा आरंभ परक्या मुलखापासून करण्याचें कारण नाहीं. पांझरा नदी साक्री तालुक्याच्या डोंगरांत उगम पावून धुळें शहरावरून पुढें मुडावदजवळ तापीला मिळते. तिच्यावर, तसेच बागलाणांतून येऊन गिरणेस मिळणाऱ्या मोसम व आरम ह्या नद्यांवर, तीन-चारशें वर्षांपासून बंधाऱ्यांची परंपरा आहे. हे बंधारे पाणी सांठविण्यासाठीं बांधलेले नव्हेत. नदीच्या पाण्याची पातळी उंच करून तें पाटांत वळवावें एवढेंच त्यांचें काम. पाटाची लांबी दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत असते, आणि त्यांतून सेकंदाला सुमारें ४५० लिटर, म्हणजे जुन्या मापानें सोळा क्यूसेक पाणी वाहूं शकतें. पाटांतून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेताशेतांत पाणी नेणारे सारंग निघतात, आणि जादा झालेलें पाणी सांडमांवाटे परत नदीनाल्यास लागतें. हे सांडम काढण्याची काळजी पूर्वजांनीं घेतली म्हणूनच शतकानुशतकें पाणी घेऊनही ह्या जमिनी चिबड झाल्या नाहींत. पाणी देण्याइतकेंच तें काढून नेणेंही महत्त्वाचें आहे, हें नव्या कालव्यांवर आपणांस पुष्कळ खर्च करून शिकावें लागलें.

पाटाखालची जी जमीन कायम बागायत म्हणून ठरलेली असे, तिचे बहुधा चार भाग पाडीत. हेच फड. लहान फड दहा हेक्टरांचा, मोठा दोनशें हेक्टरांपर्यंतचा. शंभर-सव्वाशें हेक्टर ही सरासरी. हंगामापूर्वीं गांवकरी एकत्र बसत, नदीचें मान पाहत, आणि कोणत्या फडांत ऊस लावावा, कोणत्या फडांत हंगामी पीक घ्यावें, कोणता फड पाण्यावांचून ठेवावा, हें ठरवीत. एका फडांत एकच पीक. पुढील सालीं पिकाचा फड बदले. त्यामुळें जमिनीचा कसही टिके.

आतां ह्या व्यवस्थेंतील खुबी पाहा. सामान्यतः प्रत्येक बागाईतदाराची थोडथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. त्यामुळें पाणी अपुरें पडून एक फड सोडून देण्याची पाळी आली, तर एकाचें बुडून दुसऱ्याचें साधलें असें होत नसे. सर्वांचाच कांहीं हिस्सा कोरडा राही. ज्यानें बैठकींत ‘हा फड सोडा’ म्हणावयाचें, त्याचीही जमीन त्या फडांत असे. टंचाई वांटून घेण्याची ह्याहून साधी युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. नीतीचे पाठ देऊन लोक शेजाऱ्याचा विचार करूं लागतीलच असा भरवसा नसतो. येथें जमिनीच्या मांडणीनेंच तो विचार करावयास लावला होता.

दुसरी गोष्ट, पाण्यावर हात एकाचा असे. पाट व चाऱ्या चालवावयाच्या त्या पाटकऱ्यानें, आणि शेतास पाणी भरावयाचें तें बारेकऱ्यानें. फडांतील पिकाची राखण जागल्या करी, आणि ह्या सर्वांवर देखरेख हवालदाराची असे. जमिनीच्या धन्यानें आपल्या वाफ्याशीं फावडें घेऊन उभें राहण्याची जरूर नव्हती, व अधिकारही नव्हता. एका टोंकापासून सुरू झालेलें पाणी फड संपेपर्यंत क्रमानेंच पुढें सरके. ह्या नोकरांचा मोबदला पिकांतून, धान्यरूपानें मिळे. म्हणजे फड चांगला पिकला तर पाटकऱ्याचें पोट भरे, आणि शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचलें नाहीं तर तेथलें पायलीभर धान्य त्याचेंही बुडे. आजचा कालव्यावरील चौकीदार ह्याहून वाईट मनुष्य असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याचा पगार टोंकाच्या हरभऱ्यावर अवलंबून नसतो, एवढें खरें. पाटांतील गाळ काढण्याचें कामही ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणांत वांटलेलें असे.

स्पेन देशांत वॅलेन्सिया शहरीं पाण्याच्या तंट्यांचा निवाडा करणारी शेतकऱ्यांचीच एक पंचायत आहे. ती दर गुरुवारीं दुपारीं तेथील मोठ्या देवळाच्या दाराशीं बसते, आणि तोंडी जबान्या ऐकून तेथल्या तेथें निकाल देते. २००९ सालीं युनेस्कोनें तिची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत गणना केली. आपल्या फडाच्या पंचांना तसा मान कोणीं दिला नाहीं, तरी जात तीच. पाण्याचा तंटा दुसऱ्या पाळीपूर्वीं मिटला नाहीं तर मिटून उपयोग नसतो, हें दोघांनींही ओळखलें होतें.

फडपद्धतीचें एवढें वर्णन केल्यावर तिच्या मर्यादाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. कायम बागायतीच्या रेषेबाहेर ज्याचें शेत, त्याला पिढ्यान् पिढ्या पाण्याचा थेंब मिळत नसे. भूमिहीनाला पाण्यांत वांटा नव्हता, नोकरी मात्र होती. जमिनीच्या वांटण्या व विक्रीखतें होत गेलीं तशी ‘प्रत्येक फडांत प्रत्येकाची जमीन’ ही मूळ मांडणी मोडत गेली. ज्याची सर्व जमीन एकाच फडांत उरली, त्याला फेरपालट म्हणजे शिक्षा वाटूं लागली. आणि वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरींवर पंप बसले, वाळूच्या उपशानें नदीचें पात्र खालीं गेलें, कीं बंधाऱ्यावर पाणीच चढत नाहीं. मग पंचांनीं कितीही शहाणपणानें बसावें. म्हणून जुना फड उचलून नव्या कालव्यावर जसाचा तसा ठेवतां येईल, असें म्हणणारांशीं आमचें जमत नाहीं.

परंतु त्यांतील तत्त्वें घेतां येतात, आणि तीं पूर्वीं एकदां घेतलीं गेलीं असावींत असा आमचा तर्क आहे. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत दाखल झाले, आणि नोकरीच्या आरंभींच्या दिवसांत त्यांनीं धुळें जिल्ह्यांत दातर्ती येथें पांझरेच्या एका पाटासाठीं नळांचें वक्रनलिकेचें अवघड काम पार पाडलें. पुढें नीरा कालव्यावर त्यांनीं ब्लॉक पद्धत सुचविली. तींत एका ठराविक तुकड्यास पाणी मंजूर करून त्या तुकड्याच्या तिसऱ्या हिश्शांतच ऊस घ्यावयाचा व पिकाची फेरपालट ठेवावयाची असे. तरुणपणीं पांझरेच्या कांठीं पाहिलेला फड त्यांच्या मनांत राहिला नसेल असें कोण म्हणेल ?

आतां मोठ्या कालव्यांकडे वळूं. चाळीसगांव तालुक्यांतील जामदा बंधारा व त्याचे कालवे हें इंग्रजी अमदानींतील एकोणिसाव्या शतकांतलें काम. गिरणा धरण नांदगांव तालुक्यांत पांझण येथें १९६९ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या पाण्यावर चाळीसगांव, भडगांव, पाचोरें, एरंडोल ह्या बाजूंचे कालवे चालूं लागले. ह्या कामांनीं पुष्कळ जमीन भिजली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानें जी घडी बसली, ती १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमानंतरही मुळांत बदलली नाहीं. पाणी सरकारचें, कालवा सरकारचा, आणि शेतकरी हा अर्जदार. त्यानें नमुना ७ भरावा, पीक व क्षेत्र लिहावें, मंजुरीची वाट पाहावी, शेजपाळींत आपला नंबर लागला म्हणजे पाणी घ्यावें, आणि भिजलेल्या क्षेत्रावर पाणीपट्टी भरावी. ह्या व्यवस्थेंत मोजलें जातें तें क्षेत्र. पाणी कोणीच मोजीत नाहीं. एका हेक्टरास तीन इंच पाणी दिलें काय आणि आठ इंच दिलें काय, पट्टी तीच. मग मुखाशीं असलेल्या शेतकऱ्यानें रात्रीं मोरी उघडी ठेवून झोपीं जावें, ह्यांत नवल तें काय ?

ह्याचा परिणाम टोंकावर किती होतो हें आंकड्यांनीं पाहिलेलें बरें. पुढील उदाहरण आम्हीं हिशेबापुरतें घेतलें आहे. प्रत्येक सभासदानें आपल्या चारीचे आंकडे घालून तें पुन्हां मांडून पाहावें. समजा, एका चारीखालीं २०० हेक्टर रब्बी आहे आणि मुखाशीं सेकंदाला १०० लिटर पाणी येतें. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां चोवीस तासांत ८,६४० घनमीटर पाणी आलें. गव्हास एका पाळीस साडेसात सेंटिमीटर पाणी द्यावयाचें म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. थेंबही वायां गेला नाहीं तर दिवसास साडेअकरा हेक्टर भिजतील. पण चारींत गवत माजलें आहे, कांठ फुटले आहेत, रात्रींचें पाणी नाल्यास जातें; असें होऊन निम्मेंच पाणी पिकाच्या मुळाशीं गेलें, तर दिवसास पावणेसहा हेक्टरच होतात. पाळी एकवीस दिवसांची असेल तर सुमारें १२१ हेक्टर भिजले कीं कालवा बंद होतो. उरलेले ७९ हेक्टर टोंकाचे. त्यांनीं बीं पेरलें, खत घातलें, अर्जही दिला. त्यांस पाणी नाहीं.

आतां त्याच चारीची डागडुजी झाली, रात्रींचें पाणी कामीं आलें, आणि निम्म्याऐवजीं दोन तृतीयांश पाणी शेतांत पोंचलें असें धरा. दिवसास ७.६८ हेक्टर होऊन एकवीस दिवसांत १६१ हेक्टर भिजतील. धरण तेंच, पाऊस तोच, पाळी तीच. चाळीस हेक्टर जास्त. हें चाळीस हेक्टर मिळविण्यास नवें धरण बांधावयाचें म्हटलें तर किती वर्षें व किती पैसा लागेल, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. मोठमोठ्या योजनांच्या कोनशिला बसविण्याची जी हौस आपल्या लोकांत आहे, तिचा दहावा हिस्सा चारीतील गवत काढण्याकडे वळला असता तर बरें झालें असतें.

कायद्याची वाट मात्र मोकळी झाली आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम हा २००५ सालचा कायदा. त्यानें लघुवितरिकेच्या पातळीवर पाणी वापर संस्थेस कायदेशीर अस्तित्व दिलें. सरकारनें संस्थेस पाणी द्यावयाचें तें मोजून, घनमीटरांनीं. आणि संस्थेनें तें आपल्या सभासदांत वांटावयाचें. ठरलेल्या हिश्शांत कोणतें पीक घ्यावें हें शेतकऱ्यानें ठरवावें. संचालक मंडळांत मुखाचे, मध्याचे आणि टोंकाचे असे तिन्हीं भागांचे प्रतिनिधि असावेत अशी कायद्याचीच योजना आहे. फडांत जमिनीच्या मांडणीनें जें साधलें होतें, तें येथें प्रतिनिधित्वानें साधण्याचा हा प्रयत्न आहे. त्याच वर्षीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला, व पाण्याच्या हक्काची भाषा प्रथमच कायद्यांत आली. तापी खोऱ्यापुरता कालव्यांचा कारभार १९९७ सालीं स्थापन झालेल्या जळगांवच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. तेव्हां आपल्या संस्थांना बोलणीं करावयाचीं तीं तेथेंच.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. आंध्र प्रदेशानें १९९७ सालीं अशाच कायद्यानें एका झटक्यांत दहा हजारांवर संस्था उभ्या केल्या. निवडणुका झाल्या, डागडुजीसाठीं पैसा आला, तो होता तोंवर संस्था जाग्या राहिल्या. पण पाणीपट्टी आणि पाण्याचें माप हीं संस्थेच्या हातीं पुरतीं आलीं नाहींत, आणि पुष्कळ ठिकाणीं पुढें नांव तेवढें उरलें. आपल्याकडेही ज्या संस्थेच्या चारीवर मोजमापाचें साधन नाहीं, आणि जिनें तुटकीफुटकी चारी आहे तशी ताब्यांत घेतली, ती संस्था कागदावरच राहते. वरून किती पाणी आलें हेंच जिला सांगतां येत नाहीं, ती खालीं कोणाचा हिशेब मागणार ?

उलट उदाहरण शेजारीं नाशिक जिल्ह्यांत, दिंडोरी तालुक्यांत वाघाड धरणावर आहे. तेथें बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे ह्यांच्या समाज परिवर्तन केंद्रानें १९९१ च्या सुमारास तीन संस्थांपासून आरंभ केला, आणि हा आरंभ कालव्याच्या टोंकाकडून, ओझरच्या बाजूनें केला. ज्यांना पाणी मिळत नव्हतें, त्यांनाच आधीं संघटित केलें. मुखाच्या लोकांस व्यवस्था बदलण्याची घाई कधींच नसते, हें त्यांनीं नीट ओळखलें होतें. पुढें सबंध धरणाखालीं २४ संस्था होऊन त्यांचा संघ झाला, आणि प्रकल्पाचा कारभारच शेतकऱ्यांकडे आला. कालव्याच्या पाझरानें भरणाऱ्या विहिरींचा विचारही त्यांनीं पाण्याच्या हिशेबांत केला. आमच्याकडे मुखाकडील विहिरी कालव्याच्या पाझरावर तुडुंब असतात, आणि त्यांचे धनी पुन्हां चारीवरही पहिला हक्क सांगतात. अशा बागाईतदारांनीं रब्बीच्या शेवटल्या पाळींत आपला नंबर टोंकास द्यावा, असा ठराव ज्या संस्थेस करतां येईल तिची अर्धी लढाई जिंकली असें आम्ही समजूं.

जळगांवकडील केळीच्या पट्ट्यांत, म्हणजे रावेर-यावलकडे, प्रश्न वेगळा आहे. तेथें ठिबकानें पाणी पुष्कळ वांचविलें, पण विहिरींची पातळी वर्षानुवर्षें खालीं जात आहे. त्याविषयीं स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आमच्या ज्या सभासदांच्या चारीवर संस्था आहे किंवा व्हावयाची आहे, त्यांनीं रब्बीच्या पहिल्या पाळीपूर्वीं काय करावें तें आतां सांगतों. दसऱ्याच्या सुमारास एक दिवस सर्वांनीं मिळून चारी मुखापासून टोंकापर्यंत पायीं चालावी. खात्याचा शाखा अभियंता बरोबर असावा. फुटलेले कांठ, बुजलेल्या मोऱ्या, बेकायदा लावलेले पाइप ह्यांची जागच्या जागीं नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्या. ही संयुक्त पाहणी व दुरुस्ती झाल्यावांचून ताबा घेऊं नये. चारीच्या मुखाशीं मोजमापाची रचना, मग ती उभ्या लाटेची असो वा कट थ्रोट फ्ल्यूम असो, बसविलेली असावी, व तिची पट्टी कशी वाचावी हें संस्थेच्या निदान चार माणसांनीं शिकून घ्यावें. त्यांत दोन स्त्रिया असाव्यात. रब्बींत रात्रीबेरात्रीं पाणी भरण्याचें काम घरोघर बायका करतातच. सातबाऱ्यावर नांव नाहीं म्हणून त्यांस सभासदत्व मिळत नाहीं, आणि मग पाण्याची सर्वांत बारीक माहिती ज्यांना आहे त्यांच्यावांचून सभा भरते. पट्टीवरील आंकडा सकाळ-संध्याकाळ एका वहींत लिहावा, आणि ती वही चावडीवर किंवा देवळांत उघडी ठेवावी.

पाळी टोंकाकडून सुरू करावी. ह्यास मुखाचे लोक हरकत घेतील कीं, पाणी लांबवर नेण्यांत पाझर फार होतो. हरकत अगदींच खोटी नाहीं. कोरड्या चारींत पहिले दिवस पाणी मुरतेंच. पण मुखाकडून सुरू केलें तरी टोंकापर्यंत न्यावयाचें तर तो पाझर होणारच, आणि न्यावयाचेंच नाहीं असा ज्याचा मनांतला बेत असेल त्यानें तो सभेंत उघड बोलून दाखवावा. धरणांत पाणी थोडें असेल त्या वर्षीं सर्वांचें क्षेत्र सारख्या प्रमाणांत कापावें. दहा एकरवाल्याचे चार गेले तर अडीच एकरवाल्याचा एक जावा. पाणी दोघांनाही मिळावें. ऊस त्या वर्षीं किती ठेवावयाचा हें पेरणीपूर्वींच ठरावें, कारण लावलेला ऊस मोडा म्हणून सांगण्याची छाती कोणत्याच पंचाला होत नाहीं.

राहतां राहिला पाटकरी. तो संस्थेनेंच नेमावा, शक्य तर टोंकाकडील कुटुंबांतून. धान्य देण्याची चाल आतां उरलेली नाहीं, तेव्हां वेतन रोखीनें द्यावें लागेल. परंतु त्याचे दोन भाग करावे. एक भाग दरमहा द्यावा, आणि दुसरा भाग पाळी संपल्यावर, टोंकाच्या शेवटच्या पांच खातेदारांनीं ‘पाणी पोंचलें’ म्हणून वहींत सह्या केल्यानंतर द्यावा.